पुस्तिका रुग्णांची, पैसा कंपन्यांचा

२००७ साली अमेरिकेत जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका निघाली. काढणारी संस्था होती अमेरिकन पेन फाउंडेशन, म्हणजे रुग्णांची बाजू मांडणारी. आयबुप्रोफेनसारख्या गोळीचा डोस ठरावीक पातळीपुढे वाढवून दुखणं आणखी कमी होत नाही. ओपिऑइडना, म्हणजे अफूच्या कुळातल्या औषधांना, अशी वरची मर्यादा नाही, असं त्यात सांगितलं होतं.

हे धड खोटंही नाही, आणि पंचाईत तीच आहे. ओपिऑइडचे रेणू चेतापेशींवरच्या ग्राहींना, म्हणजे असे रेणू पकडणाऱ्या ठरावीक जागांना, चिकटतात आणि वेदनेचे संदेश दाबतात. शरीराला सवय झाली की तेवढ्याच आरामासाठी जास्त डोस लागतो, आणि वाढवला की आराम पडतोही. पण तसलेच ग्राही मेंदूच्या देठात, श्वासाची लय राखणाऱ्या पेशींवरही असतात. डोस वाढेल तसा श्वास मंदावत जातो आणि झोपेतच थांबू शकतो. मर्यादा तिथेही नाही.

या पुस्तिकेच्या प्रायोजकांत ऑक्सिकॉन्टिन हे ओपिऑइड विकणारी पर्ड्यू कंपनी होती, ओपिऑइड विकणारीच सेफॅलॉनही होती. २०१० साली संस्थेला मिळालेल्या सुमारे ५० लाख डॉलरपैकी ९० टक्के रक्कम औषधं आणि वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांची होती. मे २०१२मध्ये सिनेटच्या वित्त समितीने चौकशी सुरू केली आणि संस्थेने लगोलग गाशा गुंडाळला.

एक दुकान बंद झालं, एवढंच. २०१८च्या सिनेट अहवालानुसार २०१२ ते २०१७ या काळात पाच ओपिऑइड उत्पादकांनी १४ संघटनांना जवळपास ९० लाख डॉलर दिले. ही गोष्ट एकट्या ओपिऑइडचीही नव्हे. २०१७ साली अमेरिकेतल्या १०४ बड्या रुग्णसंघटना तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांतल्या निदान ८३ टक्के संघटना औषध-उपकरण उद्योगाकडून पैसे घेत असल्याचं आढळलं. निदान ३९ टक्क्यांच्या संचालक मंडळावर या उद्योगातला आजी किंवा माजी अधिकारी होता.

यात काम करणारी माणसं लबाड असतात असं नाही. बरेचजण स्वतः रुग्ण किंवा रुग्णाचे आईबाप असतात. हेल्पलाइन चालवायची, कचेरीचं भाडं भरायचं, तर पैसा लागतोच. ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ असं आपण म्हणतो. इथे टाळी वाजवायचीही गरज पडत नाही. नव्या औषधाला मंजुरी मिळावी म्हणून सुनावणीला जायचं आणि मिळाल्यावर त्याच्या किमतीबद्दल मौन धरायचं, तेवढ्याने भागतं.

डॉक्टरांना कंपन्या काय देतात हे जाहीर करायला लावणारा कायदा अमेरिकेत २०१०मध्येच आला. कंपनीच्या माणसाने डॉक्टरला जेवू घातलं, तर त्याची रक्कम सरकारी संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. रुग्णसंघटनांना दिलेले पैसे मात्र त्या कायद्यात बसत नाहीत.