वाळलेली पाने (कोळंबीच्या टाकीतील खाद्य)

घरगुती काचेच्या टाकीत पाळलेल्या गोड्या पाण्यातील छोट्या कोळंबीला झाडांची वाळलेली पाने खाद्य म्हणून देण्याची पद्धत. अशा कोळंब्यांपैकी चेरी कोळंबी (निओकॅरिडिना डेव्हिडी) सर्वांत परिचित आहे. ही २ ते ३ सेंमी. लांबीची जाती मूळची तैवान व पूर्व चीनमधील असून तिचा लालभडक रंग निवडक पैदाशीतून आला आहे.

पान हे येथे खाद्य कमी आणि खाद्याचे शेत अधिक असते. पाण्यात पडलेल्या पानावर काही दिवसांत जिवाणू, बुरशी व शैवाल यांचा बुळबुळीत थर चढतो आणि पुढच्या दोन जोड्यांच्या चिमट्यांना असलेल्या केसांच्या झुपक्यांनी कोळंबी तो दिवसभर खरवडून तोंडात टाकत राहते. बुरशीने पान मऊ पडले, की तेही कुरतडले जाते व अखेरीस शिरांची जाळी तेवढी उरते. अन्नाच्या शोधात टाकीभर हिंडू न शकणाऱ्या पिल्लांना एकाच पानाखाली आडोसा आणि जेवण दोन्ही मिळते.

सर्वाधिक वापर देशी बदामाच्या (टर्मिनॅलिया कॅटाप्पा) पानांचा होतो. मुंबईत व कोकणात हे झाड जागोजागी असल्याने तांबडी होऊन गळलेली पाने विकत घेण्याचे खरे तर कारण नाही. त्यांतील टॅनिनमुळे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते. मात्र बोअरवेलच्या जड पाण्याची आम्लता त्याने फारशी बदलत नाही. पेरू, फणस व तुतीची पानेही चालतात. रेशीमकिड्यांसाठी लावलेल्या तुतीवर कीटकनाशक मारणे शेतकऱ्यालाच परवडत नाही, म्हणून ती विशेष भरवशाची. याउलट द्राक्षबागेतील पाने टाळावीत, कारण तेथे फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातील मोरचुदाचे तांबे अल्प प्रमाणातही कोळंबीला मारक ठरते. कडुनिंबही वर्ज्य समजावा: त्यातील ॲझाडिरॅक्टिन कीटकांच्या कात टाकण्याच्या क्रियेत बिघाड करते आणि कोळंबीची कातही त्याच प्रकारच्या संप्रेरकावर अवलंबून असते.

पान आपोआप गळलेले, डागविरहित व रस्त्याच्या धुळीपासून दूरचे असावे. ते धुऊन त्यावर उकळते पाणी ओतल्यास लवकर बुडते. २० ते ३० लिटरच्या टाकीला तळहाताएवढे एक पान पुरते. अधिक पाने कुजू लागली, तर पाण्यातील प्राणवायू घटतो आणि कोळंब्या पृष्ठभागाजवळ गोळा होतात.