गाजर खाल्लं, पण डोळ्यापर्यंत पोचलं का?

थंडी पडली की 'गाजराचा रस प्या, चष्मा घालवा' हा संदेश मोबाइलवर हमखास येतो. चष्म्याचा नंबर नेत्रगोलाची लांबी आणि पारपटलाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) वक्रता यांवर ठरतो. रसाने तो उतरत नाही, आणि असे दावे पसरवणं थांबायला हवं. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करतं आणि ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो, एवढं खरं. पण गाजरं-पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यालाही तो येऊ शकतो. मग दोष पोटात शोधावा लागतो.

बीटा-कॅरोटीन काय किंवा 'अ' जीवनसत्त्व काय, तेलात विरघळतं, पाण्यात नाही. आतड्यात तर सगळं पाणीच! इथे पित्त उपयोगी पडतं. (आपण 'पित्त झालं' म्हणतो ते बहुतेकदा जठरातलं आम्ल असतं, खरं पित्त यकृतात बनतं.) पित्तक्षारांच्या रेणूची एक बाजू पाण्याला धरते, दुसरी तेलाला, तुपकट भांड्यावर साबण करतो तेच काम. स्वादुपिंडातलं लायपेज हे पाचक विकर चरबी तोडतं, आणि पित्तक्षार, ते तुकडे व बीटा-कॅरोटीन मिळून काही नॅनोमीटरच्या गोळ्या बांधतात. त्यांना मायसेल म्हणतात. आतड्याच्या अस्तरापर्यंत माल पोचतो तो या गोळ्यांतूनच. अस्तराच्या पेशींत बीटा-कॅरोटीनचा रेणू मधोमध तुटतो, रेटिनॉल, म्हणजेच 'अ' जीवनसत्त्व, बनतं आणि चरबीच्या कणांत बसून लसीकावाहिन्यांतून, पुढे रक्तातून यकृतात साठतं. तिथून एक खास प्रथिन त्याला डोळ्याकडे नेतं.

दृष्टिपटलात रेटिनॉलचं रेटिनल होतं आणि अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशींत ते ऑप्सिन या प्रथिनाला जोडलं जातं. प्रकाशाचा एक कण पडला की रेटिनलचा वाकडा रेणू सेकंदाच्या अब्जांश भागाहूनही कमी वेळात सरळ होतो. अंधारात दिसण्याची सुरुवात ती हीच! दृष्टीतलं रेटिनलचं हे काम उलगडणाऱ्या जॉर्ज वॉल्ड यांना 1967 साली नोबेल मिळालं.

पित्तनलिका अडली, स्वादुपिंडाला जुनाट सूज आली, सिलिअॅक आजारात गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याचं अस्तर सपाट झालं किंवा वजन घटवण्याच्या काही शस्त्रक्रियांत आतड्याचा भाग वगळला गेला, तर ही वाट तुटते. यकृतातला साठा बरेच महिने पुरतो, त्यामुळे पोटाचा आजार आणि डोळ्याची तक्रार यांचा संबंध कुणाच्या लक्षातच येत नाही. स्वतःच्या मनाने या जीवनसत्त्वाची औषधं मात्र घेऊ नयेत. जादा 'अ' जीवनसत्त्व यकृताला आणि गर्भाला घातक ठरतं. आणि रात्री दिसत नाही म्हणून गेल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांनी 'शौचाला तेलकट, पाण्यावर तरंगणारी होते का?' असं विचारलं (न पचलेली चरबी अशीच बाहेर पडते), तर संकोच न करता खरं ते सांगावं.