कंट्रोल चार्टवरचे उपग्रह

रेल्वेच्या सोलापूर विभागात कंट्रोलवर, म्हणजे गाड्यांची ये-जा ठरवणाऱ्या कक्षात, बसलेल्या जुन्या माणसाला ‘चार्ट’ म्हटलं की रंगीत पेन्सिली आठवतात. आडवी वेळ, उभी स्टेशनं आणि तिरक्या रेघा म्हणजे गाड्या. एकेरी रुळाच्या मार्गावर दोन रेघा स्टेशनांच्या मध्येच छेदायला लागल्या, की एका गाडीला आधीच स्टेशनातल्या लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घ्यायचं.

उपग्रह सांभाळणाऱ्यांचं दुखणं हेच, फक्त त्यांची गाडी थांबत नाही. ५००-६०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सुमारे ९५ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतो. जमिनीवरच्या एका अँटेना-ठाण्याला तो दिसतो फार तर दहा-बारा मिनिटं. तेवढ्यात त्याची तब्येत विचारायची, आज्ञा पाठवायच्या, चित्रं उतरवून घ्यायची. म्हणून तर इस्रोच्या इस्ट्रॅकला, म्हणजे उपग्रहांशी संपर्क ठेवणाऱ्या शाखेला, बेंगळुरू-लखनौपासून मॉरिशस आणि इंडोनेशियातल्या बियाकपर्यंत ठाणी लागतात. अमेरिकी हवाई दलाच्या अशाच ठाण्यांच्या जाळ्याचा एकेकाळचा हिशेब असा: शंभरावर उपग्रह, ९ ठाणी, १६ अँटेना आणि अँटेनाची वेळ मागणाऱ्या दिवसाला ५०० च्या आसपास मागण्या.

सगळ्या बसत नाहीत. संगणक कमी महत्त्वाच्या मागण्या गाळून मोकळा होतो. वेळापत्रक लावणारा माणूस मात्र फोन उचलतो, “तुमचं काम तासभर पुढं नेलं तर चालतंय का?” पुष्कळदा चालतं, पण अर्जात तसं कुणी लिहिलेलं नसतं.

त्यामुळे वेळापत्रकाच्या पडद्यावर संगणकाचं नुसतं उत्तर नको, सैलपणा दिसायला हवा. मागणीची पट्टी ठळक, आणि ती जिथवर सरकू शकते तेवढी जागा मागे फिकी. ३६,००० किलोमीटरवरचा भूस्थिर उपग्रह कायम समोरच, त्याची फिकी जागा लांबलचक. खालच्या उपग्रहाची जेमतेम पट्टीएवढी. कुणाला हलवायचं हे डोळ्यांनाच कळतं. दोन मागण्यांची टक्कर दाखवायला केवळ लाल रंग वापरू नये. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे पुरुष बरेच असतात.

घड्याळाची गंमत वेगळीच. कामकाज जागतिक वेळेवर (यूटीसी) चालतं. आपल्याकडे पहाटेचे २ वाजले की तिथे आदल्या तारखेचे २०:३०. रात्रपाळीला ही वजाबाकी तोंडी करायला लावणं म्हणजे चूक मागून घेणंच. दोन्ही वेळा शेजारी-शेजारी दाखवल्या की झालं!

ऐनवेळी एखादा अँटेना बिघडला, तर संगणक सगळा दिवस नव्याने, कदाचित अधिक चांगलाही, मांडून देईल. पण पाळीवरच्या माणसाच्या डोक्यात जुनं चित्र पक्कं असतं. म्हणून बदललेल्या चार पट्ट्याच हलवाव्यात, बाकीच्या जागच्या जागी ठेवाव्यात. कुर्डुवाडीजवळ मालगाडी अडकली म्हणून कंट्रोलर अख्खा चार्ट फाडत नसे. तेवढ्याच रेघा खोडायचा.