कट दिसू नये म्हणून

चित्रपटात एका शॉटवरून दुसऱ्यावर जाताना (म्हणजे कट करताना) सलगता तुटू न देण्याचे, म्हणजेच कंटिन्युइटीचे नियम आता इतके अंगवळणी पडले आहेत, की ते कॅमेऱ्याबरोबरच जन्मले असावेत असं वाटतं. पण १८९५ मध्ये ल्युमिएर बंधूंनी दाखवलेले चित्रपट जेमतेम ५० सेकंदांचे आणि एकाच शॉटचे होते. कटच नाही, तर सलगतेची चिंता कशाला?

ती सुरू झाली दोन शॉट जोडायची वेळ आल्यावर. माणूस खिडकीतून बाहेर पडताना आतून दाखवला. मग बाहेरचा शॉट सुरू कुठून करायचा? इंग्लंडमधल्या जेम्स विल्यमसनने १९०१ च्या ‘फायर!’मध्ये अग्निशामक जवान एकाला खांद्यावर घेऊन खिडकीबाहेर पडतो तिथे कट केला आणि पुढची हालचाल बाहेरून, शिडीवर दाखवली. हाच मॅच कट.

सगळ्यांनी तो लगेच उचलला नाही. फ्रेंच दिग्दर्शक मेलिएसच्या १९०२ च्या चांद्रयात्रेच्या चित्रपटात (‘अ ट्रिप टू द मून’) यान आधी चंद्राच्या डोळ्यात घुसतं, आणि पुढच्या शॉटमध्ये पुन्हा चंद्रावर उतरतं. अमेरिकन दिग्दर्शक एडविन पोर्टरच्या ‘लाइफ ऑफ ॲन अमेरिकन फायरमन’मध्ये (१९०३) आगीतली सुटका आधी पूर्ण आतून दिसते: धुराने बेशुद्ध पडलेली आई, तिला खिडकीतून नेणारा जवान, मग मुलासाठी त्याचं परत येणं. नंतर तेच सगळं पहिल्यापासून बाहेरून! गंमत म्हणजे पुढे कुणीतरी हा प्रसंग आत-बाहेर असा आलटून पालटून कापला, आणि तीच प्रत पाहून अभ्यासक कित्येक वर्षं पोर्टरला आधुनिक संकलनाचं श्रेय देत राहिले. खरा क्रम सांगितला कागदी प्रतीने. १९१२ पूर्वी अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात चित्रपट हा प्रकारच नव्हता, म्हणून निर्माते फ्रेम कागदावर छापून छायाचित्रं म्हणून नोंदवत.

१९१० च्या दशकात चित्रपट लांबले, शूटिंग कथेच्या क्रमाने होईना. कुठल्या शॉटमध्ये पेला कुठल्या हातात होता, याची नोंद ठेवणं भाग पडलं. स्क्रिप्ट सुपरवायझरचं काम त्यातूनच आकाराला आलं. १८० अंशांचा नियमही याच सुमारास रुळला. बोलणाऱ्या दोघांमध्ये एक रेषा कल्पायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. मग एकजण उजवीकडे पाहतो, दुसरा डावीकडे, आणि नजरा जुळतात. लाइन क्रॉस झाली, म्हणजे कॅमेरा त्या रेषेपलीकडे गेला, की दोघंही एकाच दिशेला बघू लागतात, जणू तिसऱ्याच कुणाशी बोलताहेत. पाठलागातही तेच: फ्रेमच्या उजवीकडून बाहेर पडलेला माणूस पुढच्या शॉटमध्ये डावीकडून आत यायला हवा.

फ्रेंच दिग्दर्शक गोदारने १९६० मध्ये ‘ब्रेथलेस’मध्ये हे मुद्दाम मोडलं. गाडीत बसलेली नायिका तशीच राहते, मागचं पॅरिस मात्र उड्या मारत बदलतं. नियम त्याने संपले नाहीत, पण त्यांचा दरारा कमी झाला. माझ्या मते ते बरंच झालं. संकलक वॉल्टर मर्च यांनी कट ठरवण्याच्या सहा निकषांना गुण दिले, त्यात भावनेला ५१ टक्के, आणि पात्रं जागेत नेमकी कुठे आहेत याच्या सलगतेला फक्त ४.