रेफरीला ‘सर’ म्हणायच्या आधीचं रग्बी

सांगली-साताऱ्याकडच्या मैदानात निकाली कुस्तीला पंच लागतो तो नावापुरता. पाठ मातीला टेकली की हलगीवाल्यापासून झाडावर चढलेल्या पोरापर्यंत सगळ्यांना दिसतं. भांडण होतं ते कुस्ती गुणांवर गेली की. मग वस्ताद आत, पाव्हणे आत, आणि त्या गर्दीत पंचाचा फेटा दिसेनासा होतो. अशा मुलखातल्या माणसाने मोबाइलवर रग्बीचा सामना लावला आणि सव्वाशे किलोचा गडी रेफरीला ‘सर’ म्हणताना ऐकला, की त्याला वाटतं, इथं रेफरी म्हणजे देव. थोड्या वेळाने रेफरी पडद्याकडे बघत कानातल्या यंत्रात बोलू लागतो. मग वाटतं, खरा साहेब तिकडे टीव्हीसमोर बसलाय. दोन्ही समज चुकीचे.

मुळात रग्बीत रेफरी नव्हताच. १८७१ मध्ये लंडनला रग्बी फुटबॉल युनियन निघाली. तिचे नियम तीन वकिलांनी लिहिले. या खेळात अजून ‘रूल्स’ नाही, ‘लॉज’ म्हणतात, ते बहुधा त्यामुळेच. त्यांनी एकूण ५९ कलमं केली आणि सगळ्या तंट्यांचा निवाडा दोन कर्णधारांवर सोपवला. खेळणारे सभ्य गृहस्थ, लबाडी कोण करणार, असा हिशेब. तो फार काळ टिकला नाही. पुढे दोन्ही बाजूंचा एकेक अंपायर आला, आणि त्या दोघांचं जमेना म्हणून तिसरा, रेफरी. शिट्टी त्याच्या हाती आली १८८५ च्या सुमारास. तरीही कुणी दाद मागितल्याशिवाय तिचा फारसा उपयोग नव्हता.

खरी ठिणगी पडली १८८४ च्या इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यात. एका स्कॉटिश खेळाडूने चेंडू हाताने मागे मारला, तो इंग्लंडला मिळाला आणि त्यातून इंग्लंडने ट्राय केला, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवला. स्कॉटलंड म्हणालं, असा हात लावणं नियमबाह्य, ट्राय रद्द करा. इंग्लंड म्हणालं, चूक तुमचीच, मग तिचा फायदा तुम्हाला कसा? मला इंग्लंडचा मुद्दा बिनतोड वाटतो. आजचा ‘ॲडव्हांटेज’ याच तर्कावर चालतो. चूक दिसूनही रेफरी शिट्टी वाजवत नाही तेव्हा तो झोपलेला नसतो. समोरच्या संघाला फायदा मिळतोय का, ते बघत असतो.

वाद मिटेना. १८८५ मध्ये हे दोन संघ एकमेकांशी खेळलेच नाहीत. १८८६ मध्ये स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स यांनी आंतरराष्ट्रीय मंडळ काढलं; इंग्लंड त्यात आलं १८९० मध्ये, तेही लवाद नेमल्यावर. त्याच सुमारास अंपायर जाऊन रेषेवरचे टच जज राहिले आणि मैदानात काय घडलं व नियम काय सांगतो, हे ठरवणारा एकटा रेफरी उरला.

एकटा म्हणजे अचूक नव्हे. १६ डिसेंबर १९०५ ला कार्डिफमध्ये न्यूझीलंडच्या बॉब डीन्सचा ट्राय रेफरी जॉन डॅलस यांनी नाकारला आणि वेल्सने सामना ३-० ने जिंकला. तो ट्राय झालाच होता, असं न्यूझीलंडमध्ये अजून म्हणतात.

आता ‘सर’बद्दल. खेळाडूंनी तोंडच उघडायचं नाही, असं नाही. रेफरीशी बोलायचं ते कर्णधाराने. बाकीच्यांनी हुज्जत घातली तर पेनल्टी, म्हणजे चुकीबद्दल समोरच्या संघाला जिथं चेंडू मिळतो ती जागा, १० मीटर पुढे सरकते. म्हणजे १८७१ च्या कर्णधाराकडचा निवाडा गेला, तरी वकिली राहिली. ती किती मोलाची, हे कराडजवळच्या गोळेश्वरला विचारा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये एक दमवणारी कुस्ती संपताच खाशाबा जाधवांना लगेच दुसरीला उभं केलं. नियमाप्रमाणे मधे विश्रांती मिळायला हवी होती, पण त्यांच्या बाजूने बोलायला भारताचा एकही अधिकारी तिथं नव्हता, असं सांगतात.

आता तो टीव्हीसमोरचा साहेब. त्याला टीएमओ म्हणतात; तो सल्ला देतो, निर्णय रेफरीचाच. याला खरा तडा गेला तो २०२३ मध्ये. रेफरीने पिवळं कार्ड द्यायचं आणि ते लाल करायचं की नाही, हे दुसऱ्याने पडद्यावर बघून ठरवायचं. त्या वर्षीच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन असाच बाहेर गेला.

शिवाय पडद्याकडे जायलाही मर्यादा आहेत. २०१५ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलिया-स्कॉटलंड उपांत्यपूर्व सामन्याच्या शेवटी क्रेग जुबेर यांनी ऑस्ट्रेलियाला पेनल्टी दिली. लोक ओरडले, टीएमओला का विचारलं नाही? तशा चुकीसाठी विचारायची तेव्हा मुभाच नव्हती. पुढे वर्ल्ड रग्बीने (त्याच आंतरराष्ट्रीय मंडळाचं आजचं नाव) कबूल केलं की पेनल्टी नव्हे, स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांच्या गड्यांनी एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटणं, द्यायला हवा होता. निकाल मात्र ३५-३४ असाच राहिला.