पंच नेहमी समोरच्यांचाच का वाटतो?

17 फेब्रुवारी 2021 ला अमेरिकन टॉक रेडिओचा, म्हणजे गाण्यांऐवजी गप्पा आणि मतं ऐकवणाऱ्या रेडिओचा, सम्राट रश लिम्बॉ वारला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मथळ्यातच लिहिलं की त्याने टॉक रेडिओचं उजव्यांच्या हल्ल्याचं यंत्र करून टाकलं. चाहते भडकले: मेलेल्या माणसालाही सोडत नाहीत! विरोधक इतर पेपरांवर चिडले: जन्मभर विष ओकणाऱ्याला नुसतं ‘वादग्रस्त’ म्हणता?

आपल्याकडे खासगी एफएम म्हणजे गाणी आणि जाहिराती. तिकडे मतभेदाच्या विषयांवर दुसरी बाजूही ऐकवायला लावणारा ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ हा नियम 1987 मध्ये रद्द झाला आणि पुढच्याच वर्षी लिम्बॉ देशभर ऐकू येऊ लागला. रोज तीन तास, एकच बाजू.

‘दोघंही चिडले, म्हणजे आम्ही निष्पक्ष’ हा संपादकांचा आवडता युक्तिवाद. तो फसवा आहे. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या व्हॅलोन, रॉस आणि लेपर यांनी 1982 च्या बैरूतमधल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या हत्याकांडाच्या टीव्ही बातम्या इस्रायल-समर्थक आणि अरब-समर्थक विद्यार्थ्यांना दाखवल्या. चित्रफीत एकच, पण दोन्ही गटांना ती आपल्याविरुद्ध झुकलेली वाटली. विषयाची माहिती जास्त असलेल्यांना तर झुकाव अधिकच दिसला! याला ‘होस्टाइल मीडिया इफेक्ट’ म्हणतात.

हे घडतं कसं? पक्षपाती माणूस विरोधी वाक्यंच तेवढी लक्षात ठेवतो, असं आधी वाटलं होतं. पण 2004 मधल्या एका अभ्यासात खरी गडबड वर्गवारीत सापडली. वाक्यं दोघांना सारखीच आठवतात, फक्त वेगळ्या खणांत पडतात. समजा, पेपरात आलं: ‘2012 मध्ये लिम्बॉने एका विद्यार्थिनीबद्दल घाणेरडे शब्द वापरले, नंतर माफी मागितली.’ चाहता म्हणेल, जुनं कशाला उकरताय? नोंद: विरोधी. विरोधक म्हणेल, माफीचं सांगून सारवासारव चाललीय. नोंद पुन्हा विरोधीच, पण आता त्याच्या बाजूच्या विरोधात. तटस्थ खणात ते वाक्य दोघांकडेही पडत नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा प्रयोग. गुंथर आणि श्मिट या संशोधकांनी जनुकबदल केलेल्या अन्नावरचा एकच मजकूर काहींना वृत्तपत्रातली बातमी म्हणून दिला, काहींना विद्यार्थ्याचा निबंध म्हणून. बातमी म्हणून वाचणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांना ती आपल्या विरोधी वाटली, निबंध म्हटल्यावर तो वैरभाव मावळला. कारण निबंध वाचणार कोण? पेपर लाखोंच्या हाती पडतो आणि ‘बाकीचे भोळे लोक बहकतील’ ही धास्ती आपली नजर बदलते. उघड पक्षपाती माध्यमाला हा नियम तसाच लागत नाही: त्याचा कल सगळ्यांनाच दिसतो, पण आपल्या बाजूचा असेल तर कमी दिसतो. म्हणून लिम्बॉच्या श्रोत्याला पेपर तिरका आणि लिम्बॉ त्यामानाने सरळ.

हल्ली वाचकांच्या मतांवरून पेपरांचा ‘कल’ मोजून देण्याचा दावा करणारी ॲप निघाली आहेत. ती मोजतात वाचकांना. पेपर खरोखर झुकलेला असू शकतो, नाही असं नाही. पण ते तपासायला दोन त्रयस्थांना लेखी नियम देऊन वाक्य न् वाक्य मोजायला बसवावं लागतं आणि त्यांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात तेही मोजावं लागतं. हे वेळखाऊ काम एखाद्या बटणाने उरकत नाही.