व्ह्यू सेव्ह केला का सीन? पायमॉलमध्ये मूव्ही करणाऱ्यांसाठी

परवा नांदेडहून एका ज्युनियरचा फोन आला, "दादा, हिमोग्लोबिनचे रंग आपोआप बदलायलेत, पायमॉल बिघडलं काय?" पायमॉल म्हणजे प्रोटीनसारखे रेणू कॉम्प्युटरवर थ्रीडीत दाखवणारं सॉफ्टवेअर, आणि ते बिघडलं काहीच नव्हतं. पोरानं सीन सेव्ह केले होते आणि त्याला वाटत होतं व्ह्यू सेव्ह केलेत. हा घोळ लई जण करतात, मी पण केलाय.

आपल्याकडं लग्नात शूटिंगवाला ट्रायपॉड लावतो ना, त्यानं जमिनीवर खडूनं तीन पायांच्या खुणा करून ठेवल्या तर तो झाला व्ह्यू. परत त्याच खुणांवर ट्रायपॉड ठेवला की कॅमेरा तिथंच, पण स्टेजवर नवरा-नवरी बसलेत का नुसत्या खुर्च्या पडल्यात, खुणांना काय माहीत. सीन म्हणजे खुणा पण आणि स्टेज पण, कोण बसलंय, कोण जेवायला उठून गेलंय, कुणाच्या अंगावर कोणत्या रंगाचा शालू, सगळं.

पायमॉलमध्ये गेट व्ह्यू ही कमांड टाकून बघा, १८ आकडे येतात. पहिले ९ मॉलिक्युल किती फिरवलाय त्याचे, नंतरचे ३ कॅमेरा किती लांब ते, त्यापुढचे ३ कोणत्या बिंदूभोवती फिरायचं ते, मग पुढचा-मागचा भाग कापणाऱ्या क्लिपिंगचे २, आणि शेवटचा पर्स्पेक्टिव्हचा. बस्स, व्ह्यू म्हणजे एवढंच. हे आकडे व्हॉट्सॲपवर मित्राला पाठवले, त्यानं सेट व्ह्यूमध्ये पेस्ट केले आणि तीच पीडीबी फाईल (रेणूतल्या अणूंच्या जागांची फाईल) उघडी असली तर त्याला पण तोच अँगल दिसतो. फक्त विंडोचा आकार यात नसतो, त्यामुळं त्याच्या स्क्रीनवर कडा थोड्या कमीजास्त कापल्या जातात.

सीनमध्ये हे आकडे तर असतातच, शिवाय कोणते ऑब्जेक्ट चालू, कुठं कार्टून (प्रोटीनची साखळी पट्टीसारखी), कुठं स्टिक्स (अणूंमधले बंध काड्यांसारखे), रंग कोणते आणि कोणती फ्रेम, हे पण असतं.

आता पोराचं काय झालं ते सांगतो. त्यानं ४एचएचबी, म्हणजे हिमोग्लोबिनची पीडीबी फाईल, घेतलं होतं, अल्फा साखळ्या ए आणि सी, बीटा बी आणि डी, चारीला वेगळे रंग दिले आणि दोन सीन ठेवले. मग गाईड म्हणले हीम (हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग) लाल कर, यानं केलं, आणि पहिल्या सीनवर क्लिक केलं की लाल गायब! गायब होणारच की, सीननं त्याच्याकडचा जुना रंग परत लावला. उपाय साधा आहे, रंग बदलला की तो सीन अपडेट करायचा, नाहीतर सीन स्टोअर करतानाच कलर शून्य ठेवायचं म्हणजे तो रंगाला हात लावत नाही. सगळीकडं एकच रंगरूप ठेवून नुसतं फिरायचं असेल तर मी तर म्हणतो सीनच्या भानगडीत पडूच नका, व्ह्यू बरा.

उलटं पण होतं. आधी पूर्ण प्रोटीन कार्टूनमध्ये आणि नंतर हीमजवळ जाऊन स्टिक्स दाखवायच्यात, आणि दोन्हीकडं व्ह्यूच ठेवलाय, मग कॅमेरा जवळ जातो पण स्टिक्स काही येत नाहीत. इथं सीनच पाहिजे.

आणि हो, व्ह्यू ठेवला काय किंवा सीन ठेवला काय, त्यानं मूव्ही होत नाही. एमसेट कमांडनं २४० फ्रेम घ्यायच्या, सेकंदाला ३० च्या वेगानं ८ सेकंद होतात, मग १, १२० आणि २४० व्या फ्रेमवर जाऊन एमव्ह्यू कमांडनं कॅमेऱ्याची जागा स्टोअर करायची, मधल्या फ्रेम पायमॉल भरतं. कॅमेरा मस्त सरकत जातो, पण एमव्ह्यूला सीन जोडलेला असेल तर कार्टूनचं स्टिक्स हळूहळू होत नाही, मधेच खटकन बदलतं. त्यासाठी मी कॅमेरा हललेलाच नाही अशा ठिकाणी बदल ठेवतो, नाहीतर बघणाऱ्याला वाटतं व्हिडिओ अडकला.

चिमेराएक्स हे असंच दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी मात्र हे जसंच्या तसं घेऊ नका, तिथं नाव देऊन ठेवलेल्या व्ह्यूमध्ये मॉडेलच्या जागा पण सेव्ह होतात.

फोन ठेवता ठेवता पोरगं म्हणतं, "दादा, मग पांढरं बॅकग्राउंड सीनमध्ये आहे ना?" नाही रे बाबा, ती सेटिंग आहे, ती ना व्ह्यूत ना सीनमध्ये. ती टिकवायची तर सगळी सेशन फाईल सेव्ह कर, आणि लाईट जायच्या आत कर.